पहिल्या उत्तराची किंमत : विद्यार्थी आंदोलने, दडपशाही आणि मराठवाडा

विद्यार्थ्यांच्या राजकीय आंदोलनांचा इतिहास बहुधा मागण्यांच्या अंगाने लिहिला जातो. कोणत्या साली काय मागितले गेले, त्यातले काय मिळाले आणि काय राहून गेले, याची नोंद त्यात असते. मराठवाड्यातील आंदोलने क्रमाने अभ्यासली, तर मात्र असे दिसते की विद्यार्थ्यांची मूळ मागणी जवळजवळ प्रत्येक वेळी लहान, स्थानिक आणि मान्य करता येण्याजोगी होती, आणि तिला राज्यकर्त्यांकडून जे पहिले उत्तर मिळाले, त्यानेच तिला राजवटीच्या अधिकाराला आव्हान देणाऱ्या चळवळीचे रूप दिले. वसतिगृहातील एका प्रार्थनेच्या प्रश्नातून हैदराबाद संस्थानाच्या विद्यापीठातून शेकडो मुलांना काढून टाकण्याचा प्रसंग उभा राहिला. नोकऱ्या, पाणी आणि रेल्वे यांच्या मागणीतून संपूर्ण विभागाचे आंदोलन पेटले. या दोन्ही वेळी ठिणगी विद्यार्थ्यांनी टाकली असे म्हटले जाते, पण इंधन शासनाने पुरवले होते.

परभणी जिल्ह्यातील सेलूसारख्या गावाच्या दृष्टीने हा इतिहास दूरचा नाही. मनमाड ते सिकंदराबाद या लोहमार्गावर जालना आणि परभणी यांच्या दरम्यान वसलेल्या या गावाने १९४८ पर्यंत निजामाची राजवट, त्यानंतर भारतातील हैदराबाद राज्य, १९५६ पासून द्विभाषिक मुंबई राज्य आणि १९६० पासून महाराष्ट्र राज्य, अशा चार व्यवस्था पाहिल्या. राजवट बदलली, झेंडा बदलला, कारभाराची भाषाही बदलली; परंतु रस्त्यावर आलेल्या विद्यार्थ्याशी कसे वागायचे हा प्रश्न प्रत्येक व्यवस्थेपुढे पुन्हा उभा राहिला. एकच राजवट वाईट आणि दुसरी चांगली, असे सरळ उत्तर या इतिहासातून मिळत नाही, आणि म्हणूनच तो बारकाईने वाचण्याची गरज आहे.

दडपशाहीची तीन रूपे

दडपशाही म्हटले की लाठीमार, अश्रुधूर आणि गोळीबार डोळ्यांसमोर येतात. हे तिचे शारीरिक रूप होय, आणि त्यात प्राण जात असल्याने ते सर्वांत भीषण आहे यात शंका नाही. दुसरे रूप कायद्याच्या मार्गाने येते : जमावबंदीचे आदेश, प्रतिबंधात्मक अटक, म्हणजे गुन्हा घडण्याआधीच तो घडेल या शक्यतेवरून केलेली अटक, आणि वर्षानुवर्षे रेंगाळणारे खटले. तिसरे रूप केवळ विद्यार्थ्यांच्याच वाट्याला येते आणि ते शिक्षणसंस्थेच्या हातून घडते : हजेरीपटावरून नाव कमी करणे, वसतिगृहातून बाहेर काढणे, परीक्षेला बसू न देणे किंवा शिष्यवृत्ती थांबवणे.

या तिसऱ्या रूपात रक्त सांडत नाही, त्यामुळे त्याची बातमी लहान होते. पण त्याची झळ समजण्यासाठी शाळा सोडल्याच्या दाखल्याकडे पाहिले तरी पुरे. नाव, जात, जन्मतारीख आणि शाळा सोडल्याचे कारण यांच्यासोबत त्या एका कागदावर ‘वर्तणूक’ असा एक रकाना असतो आणि बहुतेक दाखल्यांवर तिथे ‘चांगली’ हा एकच शब्द लिहिलेला असतो. हा शब्द नसेल किंवा दाखलाच मिळाला नाही, तर पुढच्या संस्थेतील प्रवेश अडतो. पोलिसांत गुन्हा नोंदला गेला असेल, तर सरकारी नोकरीच्या वेळी होणारी चारित्र्य पडताळणी अडते. कोरडवाहू शेती करून मुलाला तालुक्याच्या गावी शिकायला ठेवणाऱ्या कुटुंबासाठी नोकरी हीच शिक्षणाची एकमेव परतफेड असते. त्यामुळे अशा कुटुंबातील मुलाला गप्प बसवण्यासाठी लाठी उगारावी लागतेच असे नाही, दाखल्यातला हा एक रकाना पुरतो.

१९३८ : प्रार्थनेचा प्रश्न आणि विद्यापीठाचे उत्तर

हैदराबाद संस्थानात मराठी, तेलुगू आणि कन्नड बोलणारे लोक बहुसंख्य असले, तरी कारभाराची आणि उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. १९१८ मध्ये हैदराबादेत स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठ एका भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देणारे विद्यापीठ म्हणून महत्त्वाचे ठरले. परंतु मराठवाड्यातील मुलासाठी ती भाषा घरची नव्हती. राजकीय सभा भरवण्यावर कडक निर्बंध होते. ‘गश्ती निशाण ५३’ या नावाने लोकांच्या लक्षात राहिलेल्या फर्मानानुसार सभेसाठी सरकारची पूर्वपरवानगी घ्यावी लागे. गश्ती म्हणजे परिपत्रक. कायदेमंडळात चर्चा होऊन संमत झालेला कायदा नसून शासनाच्या एका कागदावर लोकांचा सभा घेण्याचा हक्क अवलंबून होता. अशा परिस्थितीत खासगी मराठी शाळा आणि भाषिक परिषदा हेच सार्वजनिक जीवनाचे आधार बनले. १९२१ मध्ये हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा निघाली, अंबाजोगाईला योगेश्वरी विद्यालय उभे राहिले, सेलूचे नूतन विद्यालयही निजामी काळातच सुरू झाले, आणि सेलूजवळच्या परतूरला १९३७ मध्ये महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली भरले.

१९३८ हे वर्ष संस्थानात निर्णायक ठरले. हैदराबाद स्टेट काँग्रेसवर तिची रीतसर उभारणी होण्याआधीच बंदी घातली गेली आणि २४ ऑक्टोबरपासून तिचा सत्याग्रह सुरू झाला. याच वातावरणात, नोव्हेंबर महिन्यात औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजच्या आणि त्यानंतर हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांतील हिंदू विद्यार्थ्यांनी आपल्या सामूहिक प्रार्थनेत ‘वंदे मातरम्’ म्हणण्यास सुरुवात केली. हे गीत राजकीय आहे आणि अन्य विद्यार्थ्यांच्या भावना दुखावणारे आहे, अशी भूमिका घेऊन अधिकाऱ्यांनी त्यावर बंदी घातली. या गीताविषयी त्या काळी देशभर मतभेद होते, आणि काँग्रेसनेही १९३७ मध्ये त्यातील फक्त पहिली दोन कडवी सार्वजनिक प्रसंगी म्हणावीत असा निर्णय घेतला होता. त्यामुळे चर्चा करून मार्ग काढण्यास वाव नव्हता असे म्हणता येत नाही. विद्यापीठाने मात्र चर्चेऐवजी शिक्षेचा मार्ग निवडला. विद्यार्थ्यांना वसतिगृहांतून बाहेर काढण्यात आले, त्यांनी वर्गांवर बहिष्कार टाकला आणि शेकडो जणांची नावे पटावरून कमी झाली. हे लोण पाहता पाहता संस्थानातील इतर शहरांच्या महाविद्यालयांत आणि शाळांत पसरले.

या टप्प्यावर दोन गोष्टी घडल्या आणि त्यांनी पुढचा इतिहास बदलला. पहिली गोष्ट औरंगाबादेत घडली. तिथे शिक्षक असलेल्या गोविंदभाई श्रॉफ यांनी संपकरी विद्यार्थ्यांच्या पाठीशी उभे राहून त्यांना दिशा दिली, आणि त्यातून मराठवाड्याच्या राजकारणाला पुढची सहा दशके मार्गदर्शन करणारे नेतृत्व घडले. दुसरी गोष्ट संस्थानाच्या हद्दीबाहेर घडली. नागपूर विद्यापीठाने, कुलगुरू टी. जे. केदार यांच्या काळात, काढून टाकलेल्या या विद्यार्थ्यांना आपल्याकडे प्रवेश दिला. नागपूर तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाड या ब्रिटिश प्रांताची राजधानी होते आणि तिथे काँग्रेसचे मंत्रिमंडळ होते, त्यामुळे निजामाच्या आदेशाची मजल तिथपर्यंत पोहोचत नव्हती. मराठवाड्यातल्या मुलासाठी हा प्रवास घराजवळच्या स्थानकापासून मीटरगेजच्या गाडीने मनमाडपर्यंत आणि तिथून गाडी बदलून मुख्य मार्गाने भुसावळ, वर्धा करत नागपूरला, असा होता. अंतर मोठे होते, खर्च झेपणारा नव्हता आणि गाव सोडून परमुलखात राहायचे होते. तरीही त्या प्रवासाच्या शेवटी एक उघडा दरवाजा होता.

या दरवाजाचे महत्त्व नीट लक्षात घेतले पाहिजे. शिक्षण तोडून मुलांना नमवता येईल हा संस्थानी सरकारचा हिशेब नागपूरने चुकवला. बाहेर गेलेल्या विद्यार्थ्यांना तिथे निवडून आलेले मंत्रिमंडळ, मोकळी वृत्तपत्रे आणि खुल्या सभा पाहायला मिळाल्या, आणि त्यांतील अनेक जण हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे कार्यकर्ते होऊन परतले. पुढे भारताचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हेही या आंदोलनात होते आणि त्यांनाही पुढील शिक्षण संस्थानाबाहेर घ्यावे लागले. १९४७ मध्ये भारतात विलीन होण्यास निजामाने नकार दिला, तेव्हा शाळा-महाविद्यालये सोडून लढ्यात उतरलेल्या तरुणांपुढे १९३८ चे हे उदाहरण होते. प्रार्थनेच्या प्रश्नाला दिलेल्या एका उत्तराने निजामाने आपल्याच राज्यातील शिकलेल्या तरुणांची एक पिढी गमावली.

राजवट बदलली, रीत राहिली

ब्रिटिश हद्दीतील मराठी मुलखातही विद्यार्थ्यांचे रक्त सांडले होते. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारमध्ये ‘छोडो भारत’ आंदोलनाच्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळीबार केला आणि हातात तिरंगा घेतलेला, वयाची सोळा वर्षेही पूर्ण न केलेला शिरीषकुमार मेहता आपल्या चार सोबत्यांसह मृत्युमुखी पडला. अशा घटनांचा दोष परकी सत्तेवर ठेवणे सोपे होते, आणि स्वातंत्र्यानंतर असे घडणार नाही ही अपेक्षाही स्वाभाविक होती.

ती अपेक्षा लवकरच मोडली. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर हैदराबाद राज्यात बुर्गुल रामकृष्ण राव यांचे लोकनियुक्त सरकार आले, आणि परभणीसह मराठवाड्याचे सर्व जिल्हे त्याच राज्यात होते. त्याच वर्षी ‘मुल्की’ आंदोलन उभे राहिले. मुल्की म्हणजे राज्यातील मूळ रहिवासी. संस्थानी काळापासून सरकारी नोकऱ्या मुल्की लोकांसाठी राखून ठेवण्याचे नियम होते, आणि विलीनीकरणानंतर बाहेरून आलेल्या अधिकाऱ्यांची आणि कर्मचाऱ्यांची भरती होऊ लागल्याने स्थानिक विद्यार्थी अस्वस्थ झाले होते. मागणी नोकरीची होती, विद्यार्थी शाळा-महाविद्यालयांतले होते. तरीही सप्टेंबरच्या सुरुवातीला हैदराबादच्या सिटी कॉलेज परिसरात पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात बळी गेले. सरकारने या घटनेच्या चौकशीचे काम न्यायमूर्ती पिंगळी जगनमोहन रेड्डी यांच्याकडे दिले. लोकांच्या मतांवर निवडून आलेले सरकारही मुलांवर बंदूक चालवू शकते, हे हैदराबाद राज्यातील जनतेने मतदानाचा हक्क मिळाल्याच्या पहिल्याच वर्षी पाहिले. फरक एवढाच होता की आता चौकशी मागता येत होती आणि ती नेमणे सरकारला टाळता आले नाही. हा फरक लहान नाही. लोकशाहीची सुरुवात तिथूनच होते.

१९७४ : वसमतचा गोळीबार

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले तेव्हा मराठवाड्याने कोणत्याही अटी न घालता त्यात प्रवेश केला होता. पुढच्या दीड दशकात मात्र रस्ते, वीज, सिंचन, उद्योग आणि नोकऱ्या यांत हा विभाग उर्वरित राज्यापेक्षा मागे राहिल्याची भावना घट्ट झाली. ‘अनुशेष’ हा शब्द मराठवाड्यातल्या सर्वसामान्य माणसाच्या तोंडी बसला तो याच काळात. राज्याच्या सरासरीच्या तुलनेत एखाद्या विभागात जेवढी कामे व्हायला हवी होती पण झाली नाहीत, ती उरलेली बाकी म्हणजे अनुशेष. १९७२ च्या भीषण दुष्काळाने ही बाकी प्रत्येक घराला जाणवून दिली. त्याच वर्षी परभणीला मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले, पण पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या मुलांना जवळपास काम मिळत नव्हते.

१९७४ मध्ये विद्यार्थी या प्रश्नांवर रस्त्यावर आले. हे वर्ष देशभरच विद्यार्थ्यांच्या असंतोषाचे होते : गुजरातेत अभियांत्रिकी महाविद्यालयातील खानावळीचे दर वाढल्याच्या तक्रारीतून नवनिर्माण आंदोलन उभे राहून सरकार कोसळले होते, आणि बिहारमध्ये जयप्रकाश नारायण विद्यार्थ्यांच्या पाठीशी उभे राहिले होते. मराठवाड्यातील मागण्या मात्र राजवट उलथवण्याच्या नव्हत्या. स्थानिक तरुणांना नोकऱ्या, सिंचनाची कामे, उद्योग आणि मनमाडहून परभणीकडे येणारा मीटरगेजचा लोहमार्ग रुंद करणे, अशा त्या विकासाच्या मागण्या होत्या. सेलूच्या स्थानकातून जाणारा हाच तो मार्ग; मालगाडीतला कापूस आणि धान्य मनमाडला उतरवून दुसऱ्या गाडीत चढवावे लागे, आणि त्या हाताळणीचा खर्च शेवटी शेतकऱ्याच्याच माथी येई. मागणी किती साधी आणि रोजच्या जगण्याशी किती जोडलेली होती, हे यावरून समजते.

तेव्हा परभणी जिल्ह्यात आणि आज हिंगोली जिल्ह्यात असलेल्या वसमत येथे पोलिसांनी आंदोलकांवर गोळीबार केला आणि त्यात विद्यार्थ्यांचा बळी गेला. १९३८ मध्ये जे नावे कमी करण्याने झाले, तेच इथे गोळ्यांनी झाले : एका जिल्ह्याचा प्रश्न मराठवाड्याच्या तेव्हाच्या पाचही जिल्ह्यांचा झाला. गावोगाव बंद पाळले गेले, शिक्षक, वकील, व्यापारी आणि शेतकरी त्यात उतरले, आणि छत्तीस वर्षांपूर्वी औरंगाबादेत संपकरी मुलांच्या मागे उभे राहिलेल्या गोविंदभाई श्रॉफ यांनी मराठवाडा विकास आंदोलनाचे नेतृत्व केले. ज्या माणसाने तरुणपणी परक्या वाटणाऱ्या राजवटीविरुद्ध मुलांची बाजू घेतली, त्यालाच उतारवयाकडे झुकताना स्वतः झगडून मिळवलेल्या राज्याविरुद्ध ती घ्यावी लागली, यात या सगळ्या इतिहासाचे दुःख आहे.

या आंदोलनानंतर सरकारला मराठवाड्याकडे वेगळ्या नजरेने पाहावे लागले. १९७५ मध्ये मराठवाड्याचे शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री झाले, १९७६ मध्ये जायकवाडी धरणाचे उद्घाटन झाले, १९८१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ औरंगाबादला आले, १९८४ मध्ये वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने अनुशेषाचे मोजमाप मांडले आणि १९९४ मध्ये राज्यघटनेच्या ३७१(२) या अनुच्छेदानुसार वैधानिक विकास मंडळे स्थापन झाली. लोहमार्ग १९९० च्या दशकात रुंद झाला, आणि सेलू तालुक्यात ब्रह्मवाकडीजवळ होणाऱ्या निम्न दुधना प्रकल्पाला तर पूर्ण होण्यास अनेक दशके लागली. म्हणजे ज्या मागण्यांवर गोळी चालवली गेली, त्या बहुतेक सर्व मागण्या पुढे शासनाने स्वतःच रास्त मानल्या. मग त्या मान्य करण्याआधी मुलांचे जीव जाण्याची गरज काय होती, या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही अहवालात सापडत नाही.

शासनाने कठोर व्हायला हवे होते तेव्हा

या विवेचनाला एक आवश्यक मर्यादा आहे. विद्यार्थ्यांचे प्रत्येक आंदोलन न्याय्य असते आणि शासनाची प्रत्येक कारवाई दडपशाही असते, असे मानणे इतिहासाला धरून होणार नाही. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव देण्याचा ठराव संमत केला, आणि त्याविरुद्ध सुरू झालेल्या आंदोलनातही विद्यार्थी पुढे होते. या विरोधाने पाहता पाहता दलित वस्त्यांवरील हल्ल्यांचे रूप घेतले; घरे जाळली गेली, लोकांना गावे सोडावी लागली, आणि नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे यांच्यासारख्यांना प्राण गमवावे लागले. इथे शासनाचा दोष बळ वापरल्याचा नव्हता; ज्यांचे रक्षण करायचे होते त्यांच्यापर्यंत ते वेळेवर पोहोचले नाही, हा होता.

त्यानंतर १९७९ मध्ये नामांतराच्या समर्थनार्थ प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरच्या दीक्षाभूमीवरून औरंगाबादकडे निघालेला लाँग मार्च पोलिसांनी वाटेत खडकपूर्णा नदीच्या पुलावर अडवला आणि मोर्चेकऱ्यांवर लाठीमार झाला. वस्त्या जळत असताना कमी पडलेले बळ निःशस्त्र पदयात्रेपुढे मात्र पुरेसे होते. १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाचा नामविस्तार झाला, पण मधल्या सोळा वर्षांत सोसलेले नुकसान भरून निघाले नाही. या प्रकरणाचा धडा असा की शासनाचे बळ किती आहे यापेक्षा ते कोणाविरुद्ध आणि कोणासाठी वापरले जाते, यावर त्याचा न्याय अवलंबून असतो.

जगाचा अनुभव

हा अनुभव मराठवाड्यापुरता नाही. २१ फेब्रुवारी १९५२ रोजी ढाक्यात बंगाली भाषेला राष्ट्रभाषेचा दर्जा मागणाऱ्या विद्यार्थ्यांवर पाकिस्तानच्या पोलिसांनी गोळीबार केला; तोच दिवस आज आंतरराष्ट्रीय मातृभाषा दिन म्हणून पाळला जातो, आणि भाषेच्या त्या प्रश्नातून रुजलेली भावना १९७१ मध्ये बांगलादेशाच्या निर्मितीपर्यंत पोहोचली. १६ जून १९७६ रोजी दक्षिण आफ्रिकेतील सोवेटो येथे आफ्रिकान्स भाषेतून शिकण्याच्या सक्तीविरुद्ध शाळकरी मुले रस्त्यावर आली आणि पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडली. वर्णद्वेषी राजवटीविषयी जगाचे मत त्या दिवसानंतर पूर्वीसारखे राहिले नाही. ४ मे १९७० रोजी अमेरिकेतील केंट स्टेट विद्यापीठात युद्धविरोधी निदर्शनांवर नॅशनल गार्डच्या जवानांनी केलेल्या गोळीबारात चार विद्यार्थी ठार झाले, आणि अध्यक्षांनीच नेमलेल्या आयोगाने तो गोळीबार अनावश्यक आणि असमर्थनीय ठरवला. २०२४ च्या जुलैमध्ये बांगलादेशात सरकारी नोकऱ्यांतील राखीव जागांच्या प्रश्नावर सुरू झालेले विद्यार्थ्यांचे आंदोलन चिरडण्याचा प्रयत्न झाला. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाच्या अंदाजानुसार त्या काळात १,४०० पर्यंत माणसे मारली गेली असावीत, आणि ५ ऑगस्टला पंतप्रधान शेख हसीना यांना देश सोडावा लागला.

ढाका आणि सोवेटो येथे शिक्षणाची व कारभाराची भाषा, बांगलादेशात नोकरी, आणि हैदराबाद संस्थानात उर्दूचे वर्चस्व व प्रार्थनेवरील बंदी : मूळ विषय शिकणाऱ्या मुलाच्या रोजच्या आयुष्यातलेच होते. दडपशाहीने आंदोलन कधीच थांबत नाही असे मात्र म्हणता येणार नाही. १९८९ मध्ये बीजिंगच्या तिआनआनमेन चौकातील विद्यार्थ्यांचे आंदोलन रणगाड्यांनी संपवण्यात आले आणि राजवट टिकली. पण तिथे आजही त्या मृतांची नावे उघडपणे घेता येत नाहीत, आणि ज्या समाजाला आपल्या मुलांचा शोक करता येत नाही त्याची शांतता ही शांतता नसते.

कायदा काय सांगतो

भारतीय राज्यघटनेच्या १९ व्या अनुच्छेदाने शांततेने आणि विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क दिला आहे, आणि सार्वजनिक सुव्यवस्था व देशाची एकात्मता यांसाठी त्यावर ‘वाजवी निर्बंध’ घालण्याची मुभा शासनाला दिली आहे. वाजवी म्हणजे काय, हे ठरवण्याचा अंतिम अधिकार न्यायालयांचा आहे. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम १४४ आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतील कलम १६३ यांनी जमावबंदीचा अधिकार दिला आहे. परंतु लोकांची रास्त मते दडपण्यासाठी हा अधिकार वापरता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या अनुराधा भसीन खटल्यात स्पष्ट केले.

जमाव बेकायदेशीर ठरला तरी त्याला पांगवण्याची एक पायरी-पायरीची पद्धत आहे. आधी पांगण्याचा हुकूम द्यायचा, तो ऐकला गेला नाही तरच बळ वापरायचे, आणि तेही काम भागेल एवढेच. पाण्याचा मारा, अश्रुधूर, लाठी आणि अगदी शेवटी, जीव वाचवण्याचा दुसरा मार्ग उरला नसेल तेव्हाच, गोळी, हा तो क्रम आहे. वृत्तपत्रांतून वारंवार येणारा ‘सौम्य लाठीमार’ हा शब्दप्रयोग या क्रमाशी विसंगत आहे, कारण कायद्यापुढे लाठी सौम्य आहे की कठोर हा प्रश्न नसून ती आवश्यक होती की नव्हती हा प्रश्न असतो. पळणाऱ्याच्या पाठीवर किंवा खाली पडलेल्याच्या डोक्यावर बसलेली काठी पांगवण्यासाठी उगारलेली नसते, ती शिक्षा असते, आणि शिक्षा देण्याचा अधिकार पोलिसांना नाही.

उत्तरदायित्वाच्या वाटेवर एक मोठा अडथळाही कायद्यातच आहे. जमाव पांगवताना सद्भावनेने केलेल्या कृतीबद्दल पोलिसांवर खटला भरण्यास सरकारची पूर्वपरवानगी लागते. घाईच्या क्षणी निर्णय घेणाऱ्या प्रामाणिक अधिकाऱ्याला संरक्षण हवेच. पण ज्या सरकारच्या आदेशावर प्रश्न उपस्थित झाला आहे त्याच सरकारने परवानगी द्यायची असेल, तर बहुतेक प्रकरणे चौकशीच्या पलीकडे जात नाहीत.

परभणी, डिसेंबर २०२४

परभणीच्या रेल्वे स्थानकासमोर डॉ. आंबेडकर यांच्या पुतळ्याजवळ असलेल्या संविधानाच्या प्रतिकृतीची १० डिसेंबर २०२४ रोजी विटंबना झाली, दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागले आणि पोलिसांनी अनेकांना अटक केली. हे केवळ विद्यार्थ्यांचे आंदोलन नव्हते, परंतु अटक झालेल्यांमध्ये सोमनाथ सूर्यवंशी हे कायद्याचे विद्यार्थी होते आणि १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत त्यांचा मृत्यू झाला. शवविच्छेदनात शरीरावरील अनेक जखमांमुळे बसलेल्या धक्क्याचा उल्लेख आला, पोलिसांच्या मारहाणीचा आरोप झाला आणि शासनाने तो नाकारला. त्यांच्या आईने न्यायालयात धाव घेतल्यानंतर जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला, आणि त्यात हस्तक्षेप करण्यास सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला.

दोषी कोण हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे. पण एक गोष्ट आताच म्हणता येते : ज्या खंडपीठाची मागणी मराठवाड्याने अनेक वर्षे लावून धरली होती, त्याच खंडपीठापुढे परभणीतील एका विद्यार्थ्याच्या मृत्यूचा प्रश्न गेला आणि तिथे तो ऐकला गेला. १९३८ मध्ये मराठवाड्यातील मुलाला उघडा दरवाजा शोधण्यासाठी मनमाडला गाडी बदलून नागपूरला जावे लागले होते; आज तो दरवाजा विभागातच आहे. तो आपोआप उघडला नाही, त्यामागे अनेकांचे श्रम आणि काहींचे प्राण आहेत.

शिक्का आणि उत्तर

आंदोलनाची सुरुवात रस्त्यावर होत नाही. सेलूसारख्या गावात ती एका निवेदनाने होते. पाच-दहा विद्यार्थी एका कागदावर मागण्या लिहितात, खाली सह्या करतात आणि तो कागद प्राचार्यांच्या किंवा तहसीलदारांच्या कार्यालयात नेऊन देतात. आवक विभागातील कर्मचारी त्यावर शिक्का मारतो, क्रमांक घालतो आणि एक प्रत पोच म्हणून परत देतो. वसतिगृहाचे पाणी, बसची वेळ, रखडलेली शिष्यवृत्ती, भरतीतली दिरंगाई, अशाच साध्या गोष्टी त्यात असतात. त्या शिक्क्यानंतर किती दिवसांत आणि कोणत्या शब्दांत उत्तर येते, यावर पुढचे बरेच काही ठरते.

उत्तर आलेच नाही, तर पुढचे निवेदन मोर्चाने दिले जाते. मोर्चाला उत्तर म्हणून जमावबंदी आली, तर मागणी बदलते आणि हक्काचा प्रश्न उभा राहतो. लाठी आली, तर न्यायाचा प्रश्न उभा राहतो. आणि गोळी आली, तर त्यानंतर मूळ मागणी मान्य करूनही तो प्रश्न सुटत नाही, हे वसमतने दाखवून दिले. प्राचार्य, तहसीलदार, ठाणेदार आणि पालक यांच्या हातात जेवढी सत्ता या पहिल्या पायरीवर असते, तेवढी ती नंतर कोणाच्याच हातात राहत नाही. म्हणून शिक्का मारलेल्या त्या कागदाला वेळेत, समोर बसवून आणि खरे उत्तर देणे हे शासनाचे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोठे काम आहे. ते न केल्याची किंमत मराठवाड्याने आपल्या मुलांच्या जिवांनी मोजलेली आहे.